हा शोध कुणाच्या पैशाचा?

(बचत गटांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातलं भाषण)

भांडी घासता घासता ऐकत असाल तर नळ जरा बारीक करा. आजचं बोलणं पार अमेरिकेपर्यंत जाऊन येणार आहे, पण निघायचंय आपल्याच गावातून.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, सह्या झाल्या, वही मिटली, आणि आमच्यातल्या एक वहिनी तशाच बसून राहिल्या. त्यांची मुलगी नाशिकला कॉलेजात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. एवढं शिकलेली गावातली पहिलीच मुलगी. तिच्या सरांनी तिला विचारलंय, संरक्षण खात्याच्या पैशातून एक संशोधनाचं काम येणार आहे, त्यात येतेस का? दर महिन्याला पैसे मिळतील, पुढे पीएच.डी.ची वाटही मोकळी होईल. मुलगी आईला म्हणाली, "आई, नेमकं काय बनवायचंय ते सर सांगत नाहीत. पुढे कळेल, म्हणतात. मी काय करू?"

वहिनींनी तो प्रश्न आमच्या पुढ्यात ठेवला. आम्ही अकरा जणी. दोघींची मुलं सैन्यात आहेत. एकीचे मालक ओझरच्या मिगच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. एक आजी देवळालीजवळच्या. लहानपणी तोफांच्या आवाजाने त्यांच्या घरातल्या फळीवरची भांडी वाजायची, आणि ७१ च्या लढाईत कंदिलाच्या काचेला काळा कागद लावल्याचं त्यांना आठवतं. म्हणजे युद्ध हा आमच्यासाठी नुसता टीव्हीवरचा विषय नाही.

पहिल्यांदा सगळ्या एकदम बोलल्या. देशाचं काम आहे, त्यात विचारायचं काय? पोरगी शिकली म्हणून फार प्रश्न पडायला लागले. पगार किती, ते विचार आधी. मग एक जण हळूच म्हणाली, "बागेत मारायचं औषध आणलं तरी आपण डब्यावरचं वाचून घेतो. हिला तर डबाच दाखवत नाहीत."

त्या दिवशी उत्तर निघालं नाही. मग आम्ही शोधायला लागलो. असा प्रश्न याआधी कुणाला पडला होता का? आमच्या गटात शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. त्यांनी वाचनालयातून पुस्तकं आणली, इंग्रजीतलं वाचून आम्हाला मराठीत सांगितलं. त्यातलंच आज तुम्हाला सांगतो.

आपण द्राक्षवाल्या बायका. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी बागेवर इथ्रेल मारतात, हे आपल्याला सांगायला नको. काही दिवसांत पानं पिवळी पडून गळतात, काडी उघडी होते. पुढे घड निघाले की जीएचं डिपिंग. मगातल्या पाण्यात एकेक घड बुडवायचा, दिवसभर, मान मोडेपर्यंत. ही सगळी झाडाच्या वाढीची द्रव्यं. मात्रा बरोबर पडली तर मणी फुगतो, चुकली तर घडाची वाट लागते.

असंच एक द्रव्य १९४३ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात आर्थर गाल्स्टन नावाचा तरुण विद्यार्थी तपासत होता. पीक होतं सोयाबीन. तिकडे थंडी लवकर येते, म्हणून सोयाबीनला फूल लवकर यावं, शेंगा जास्त धराव्यात, एवढाच त्याचा हेतू. त्याला हवं ते सापडलं. पण त्याने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. हे द्रव्य जास्त झालं तर झाड पानं टाकून देतं.

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. शत्रूची पिकं कशी मारायची, यावर सैन्याच्या प्रयोगशाळेत काम चाललं होतं. तिथल्या लोकांच्या हाती ही माहिती गेली आणि पानं झडवणाऱ्या रसायनांच्या शोधात त्यांनी ती वापरली. सोयाबीनच्या शेंगांसाठी केलेलं काम असं कुठल्या कुठे गेलं, हे गाल्स्टन यांना नंतर कळलं.

पुढे व्हिएतनामचं युद्ध आलं. जंगलात लपलेले सैनिक दिसावेत म्हणून अमेरिकेने विमानांतून झाडांवर, आणि भाताच्या शेतांवरसुद्धा, पानं झडवणारी, पिकं मारणारी औषधं फवारली. १९६२ ते १९७१ या काळात सात कोटी लिटरच्या वर. आपण दोनशे लिटरच्या टाकीत हिशेब करणाऱ्या बायका. सात कोटी लिटर डोळ्यांपुढे आणायला आम्हाला बराच वेळ लागला.

त्यातलं सगळ्यात जास्त वापरलेलं औषध 'एजंट ऑरेंज'. पिंपावर नारिंगी पट्टा असायचा, म्हणून हे नाव. त्यात दोन तणनाशकं निम्मी निम्मी मिसळलेली असत. एक तुमच्या ओळखीचं आहे, टू-फोर-डी. गव्हात, मक्यात, उसात मारतात ते. त्याचा फवारा वाऱ्याने शेजारच्या द्राक्षबागेवर आला की कोवळी पानं आकसतात आणि बांधावर भांडणं लागतात. दुसरं तणनाशक जास्त वाईट निघालं, कारण ते तयार करतानाच त्यात डायॉक्सिन नावाचं विष उतरत असे. त्या तणनाशकाने प्रयोगशाळेतल्या उंदरांची पिल्लं व्यंग घेऊन जन्मतात, हे १९६९ साली उघड झालं. व्हिएतनाममध्ये व्यंग असलेली मुलं, नातवंडं सांभाळणाऱ्या बाया आजही त्या फवाऱ्याकडेच बोट दाखवतात.

गाल्स्टन तेव्हा येल विद्यापीठात प्राध्यापक होते. माझं काम सोयाबीनचं होतं, पुढचं मला ठाऊक नाही, असं म्हणून त्यांना बाजूला होता आलं असतं. ते झाले नाहीत. १९६६ साली त्यांनी आणि वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या त्यांच्या सोबत्यांनी थेट राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिलं, की हे थांबवा. पुढच्या वर्षी पाच हजार शास्त्रज्ञांच्या सह्यांचं निवेदन गेलं, त्यात सतरा नोबेल मिळवलेले. युद्ध चालू असताना आपल्याच सरकारला हे सांगायचं, म्हणजे तेव्हा त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, ते आपल्याला कळतं. गावात दारूबंदीसाठी उभं राहिलो तेव्हा आपणही ऐकलंय. १९७० मध्ये एजंट ऑरेंज थांबलं, दुसऱ्या वर्षी बाकीची फवारणीही.

त्याच काळात अमेरिकेतल्या एमआयटी नावाच्या मोठ्या विद्यापीठात शास्त्रज्ञांनी आणि विद्यार्थ्यांनी ४ मार्च १९६९ ला संशोधन बंद ठेवून दिवसभर सभा घेतल्या. विद्यापीठात सैन्याच्या पैशाचं एवढं काम कशाला, हा त्यांचा सवाल होता. निदर्शनं वाढली. शेवटी १९७३ मध्ये क्षेपणास्त्रांचं काम करणारी एक मोठी प्रयोगशाळा विद्यापीठापासून वेगळी काढली. काम थांबलं म्हणाल तर नाही. पाटी बदलली, काम तेच राहिलं. आम्हाला हे ऐकून हसू आलं. आपल्याकडे देशी दारूचं दुकान गावठाणातून उठवलं की वेशीबाहेर लागतं, तसं.

इथवर ऐकून आमच्यातली एक जण म्हणाली, "हे सगळं गोऱ्यांचं झालं. आपल्यात कुणी विचारलं का असं?"

विचारलं. तेही या सगळ्यांच्या आधी, आणि आपल्या पुण्यात राहणाऱ्या माणसाने.

त्यांचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. वडील शिकवायला अमेरिकेत गेले, तेव्हा मुलगाही सोबत गेला आणि हार्वर्ड विद्यापीठात शिकून १९२९ साली परत आला. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी बारा वर्षं गणित शिकवलं. वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या आनुवंशिकतेसाठी १९४४ साली त्यांनी एक सूत्र मांडलं. आज पिकांचं नवं वाण तयार करणारे लोक ते सूत्र कोसंबींच्या नावानेच वापरतात. म्हणजे आपल्या बियाण्याच्या पिशवीशीही या माणसाचं थोडं नातं आहे.

आणखी एक नातं आहे, ते आम्हाला जास्त जवळचं वाटलं. सुट्टीच्या दिवशी कोसंबी हातात काठी घेऊन पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, खेडी पालथी घालायचे. गावाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या देवी, बोल्हाईसारख्या, कुणाच्या, कधीच्या, तिला नैवेद्य काय, कुठल्या दिवशी बायका तिथे जातात, हे लोकांना विचारायचे आणि त्यातून जुना इतिहास शोधायचे. ताम्रपटात, शिलालेखात राजाचं नाव असतं. आपल्या देवीच्या दगडात इतिहास असतो, हे मानणारा विद्वान त्या काळी विरळाच. त्यांची मुलगी मीरा कोसंबी यांनी पुढे स्त्रियांच्या इतिहासावर मोठं काम केलं. हे जरा विषय सोडून झालं, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

१९४५ साली होमी भाभांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली आणि कोसंबींना गणित सांभाळायला बोलावलं. कोसंबी पुण्याहून डेक्कन क्वीनने जायचे-यायचे. देशाचा अणुशक्तीचा कार्यक्रम भाभांच्याच हातून उभा राहिला. म्हणजे कोसंबी जिथे पगार घेत होते, ते घर अणूचंच म्हणायचं.

१९४९ च्या सुमारास कोसंबी अमेरिकेत होते. हिरोशिमा आणि नागासाकीवर बाँब पडून चार वर्षं झाली होती. तिथले शास्त्रज्ञ मित्र सारखे स्वातंत्र्याची काळजी करत. परत आल्यावर १९५२ मध्ये कोसंबींनी विज्ञान आणि स्वातंत्र्य यावर एक इंग्रजी लेख लिहिला. तेव्हा कोरियात युद्ध पेटलेलं होतं. बाईंनी तो लेख आम्हाला दोनदा समजावून सांगितला. मुद्दा असा. हे शास्त्रज्ञ म्हणतात, आम्हाला हवं ते संशोधन करू द्या. पण त्यांचा पगार येतो कुठून? मोठ्या कंपन्यांकडून, युद्धखात्याकडून, नाहीतर विद्यापीठाकडून. आणि विद्यापीठाला पैसा कुठून येतो? तोही हळूहळू त्या पहिल्या दोघांकडूनच. मग स्वातंत्र्य कसलं? ज्याचा पैसा, त्याचा प्रश्न. शास्त्रज्ञ फक्त उत्तर शोधून देतो. विज्ञान समाजाच्या गरजेतून वाढतं, आणि ती गरज कुणाची हे न पाहता मी मोकळा आहे म्हणणारा स्वतःला फसवतो, असं त्यांचं म्हणणं.

आम्हाला हे पटकन कळलं. मायक्रोफायनान्सवाला कर्ज देताना म्हणतो, ताई, तुम्हाला पाहिजे त्या धंद्याला घ्या. मग फॉर्मवर फक्त म्हैस आणि शिलाई मशीन एवढंच छापलेलं असतं.

कोसंबी नुसते लिहून थांबले नाहीत. ते जागतिक शांतता परिषदेचे सभासद झाले, देशोदेशीच्या सभांना गेले. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही शांतता परिषद रशियाच्या बाजूला झुकलेली होती. अमेरिकेच्या बाँबवर ती जेवढं मोठ्याने बोलायची, तेवढं रशियाच्या बाँबवर बोलत नसे. कोसंबी मार्क्सवादी होते. आपल्या माणसाचा दोष आपल्याला थोडा पुसट दिसतो, तसं त्यांचंही झालं असावं, असं आम्हाला वाटतं. म्हणून त्यांचा प्रश्न खोटा ठरत नाही.

१९६० साली पुण्याच्या रोटरी क्लबात त्यांनी भारतासाठी अणुशक्ती या विषयावर भाषण केलं. संस्था अणूची, संस्थेचे प्रमुख देशाच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख, आणि हा प्राध्यापक उभा राहून सांगतोय की अणूची वीज आपल्या गरीब देशाला महाग पडेल. अणूचं काम मुळात लष्करासाठी वाढलं, बाँबच्या खर्चात त्याचा खरा खर्च झाकला गेला, आणि तो झाकलेला खर्च बघून आपण भुलतोय. आपल्याकडे ऊन आहे. फुकट आहे, खेड्यापाड्यात पोचलेलं आहे, कुणाला वाहून आणायला लागत नाही. संशोधन करायचं तर उन्हावर करा. १९६० साली! आज आपल्या शेतात सौर पंप बसतोय, त्याच्या फॉर्मसाठी आपण रांगा लावतोय. तेव्हा हे ऐकून किती जण हसले असतील.

१९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. कारणं दोन तऱ्हांची सांगतात. गणितातला एक फार अवघड प्रश्न सोडवल्याचा त्यांचा दावा जाणकारांनी मानला नाही, आणि त्यात त्यांचं नाव खराब झालं. दुसरं, अणुशक्तीवरचं त्यांचं उघड बोलणं. कशाचं वजन किती, हे आपण बाहेरच्यांनी ठरवू नये. पण एवढा विद्वान माणूस पंचावन्नाव्या वर्षी घरी बसला, हे खरं. त्याच वर्षी आपल्या देवदेवतांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक छापून आलं. २९ जून १९६६ ला ते पुण्यात गेले. त्यांच्या नावाचं टपालाचं तिकीट सरकारने २००८ साली काढलं.

हे सगळं पुढच्या बैठकीत आम्ही वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर मिगवाल्या काकू म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी ओझरला तीस वर्षं विमानं बनवली. त्या पगारावर चार लेकरं शिकली. मग ते चुकले का?"

शांतता पसरली. मग बोलता बोलता आम्हाला उमगत गेलं. ओझरला कारखाना १९६४ साली आला, तेव्हापासून तिथे काय बनतं ते साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. डोक्यावरून जातं, कान बसतात. काकांना माहीत होतं आपण काय बनवतोय, का बनवतोय. आणि संरक्षणाच्या संशोधनातून सगळं वाईटच निघतं असंही नाही. रेल्वेच्या डब्यात आता जो बायो-टॉयलेट असतो, तो संरक्षण संशोधनवाल्यांच्याच प्रयोगशाळेतून निघालाय. बर्फात राहणाऱ्या जवानांसाठी शोधला, आता आपल्या प्रवासात उपयोगी पडतो. त्याबद्दल कुणी लपवाछपवी केली नाही.

मग एक ताई बोलल्या, ज्यांचा मुलगा सीमेवर आहे. त्या एरवी बैठकीत फार बोलत नाहीत. म्हणाल्या, "माझ्या पोराच्या हातात चांगलं हत्यार असावं, असं मला वाटणारच. मी आई आहे. पण तुम्ही ती पिंपं सांगितलीत ना, नारिंगी पट्ट्याची, ती हाताने उचलणारा पण कुणाचा तरी पोरगाच असेल. त्याला कुणी सांगितलं होतं का, आत काय आहे?"

बाईंनी पुन्हा पुस्तक उघडलं. नव्हतं सांगितलं. व्हिएतनामहून परत आलेले हजारो अमेरिकन सैनिक आजारी पडले, त्यांनी औषध बनवणाऱ्या कंपन्यांवर खटला भरला, आणि १९८४ साली कंपन्यांनी १८ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. ताईंनी फक्त मान हलवली.

त्या दिवशी आम्ही मुलीला काय करावं ते सांगितलं नाही. तिचं शिक्षण तिचं, पोट तिचं. फक्त सरांना काय विचारायचं, ते सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि वहिनींनी फोनवर तिला सांगितलं. या कामातून जे निघेल ते मला माझ्या नावाने छापता येईल का? आणि मला नको वाटलं तर अर्ध्यावर बाहेर पडता येईल का, की तेव्हा माझी पीएच.डी. अडकेल? दुसरा प्रश्न आमच्यातल्या सगळ्यात कमी शिकलेल्या मावशींनी सुचवला. कर्जाचा फॉर्म भरताना फसल्या होत्या त्या एकदा.

मुलीने विचारलं. सर म्हणे आधी जरा रागावले, मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, हे मलाही वरून विचारून घ्यावं लागेल. त्याला आता तीन आठवडे झाले. वरून उत्तर आलेलं नाही. मुलीने तोवर दुसऱ्या एका बाईंकडे, कांद्याच्या साठवणुकीवर काम करणाऱ्या, अर्ज देऊन ठेवलाय. तिथे पैसे कमी आहेत. वहिनींना ते अजून पटलेलं नाही, आणि त्या तसं मोकळेपणाने सांगतात.

तुमच्या गावातली कुणी मुलगी प्रयोगशाळेत काम करत असेल, तर ती काय करते ते तिला एकदा विचारा, आणि आम्हाला लिहून कळवा. पुढच्या गुरुवारी याच वेळेला आपण गोडी छाटणीच्या मजुरीबद्दल बोलणार आहोत. उचलीचा हिशेब ज्यांनी वहीत लिहून ठेवलाय, त्यांनी वही जवळ घेऊन बसा. नमस्कार.